पाळणाघर आणि बालवाडी चालवताना: नियम, परवाने व सुरक्षितता यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात खासगी पाळणाघर, प्लेग्रुप किंवा बालवाडी चालवणाऱ्या आणि सुरू करू पाहणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. उत्तरे लिहिणारीने स्वतः बरीच वर्षे पाळणाघर चालवले आहे. त्यामुळे कायदा काय सांगतो आणि अनुभवाने बनलेले मत कोणते, हे जिथल्या तिथे वेगळे करून सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

बालवाडी किंवा पाळणाघर सुरू करण्यासाठी एकच परवाना कुठे मिळतो?

सर्व बाबी एका छताखाली तपासून दिला जाणारा परवाना खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपल्याकडे दीर्घकाळ उपलब्धच नव्हता, आणि या क्षेत्रातला निम्मा गोंधळ त्यातूनच निर्माण झाला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. ३ ते ६ वर्षांच्या मुलांबाबत त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये एवढेच म्हटले आहे की, सरकार अशा मुलांच्या शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था करू शकेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, त्यामुळे बालवाडी प्रथमच शालेय रचनेत आली. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपली माहिती शासनाच्या पोर्टलवर नोंदवण्यास सांगितले. ही नोंदणी करावीच; मात्र नोंदणी झाली म्हणजे आपल्या केंद्राची सुरक्षितता कोणी तपासून पाहिली, असा समज करून घेऊ नये.

प्रत्यक्षात केंद्रचालकाला निरनिराळ्या कायद्यांतील जबाबदाऱ्या स्वतःच गोळा कराव्या लागतात: जागेच्या वापराची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, अग्निसुरक्षा, अन्न शिजवत असल्यास अन्नसुरक्षेची नोंदणी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील कर्तव्ये. यांपैकी कोणते खाते कधी तपासणीला येईल याचा नेम नाही. म्हणून या सर्व कागदांची एकच फाइल करून ती कार्यालयात हाताशी ठेवावी, आणि पहिल्या पानावर कोणत्या कागदाची मुदत कधी संपते ते लिहून ठेवावे.

एका ताईकडे किती मुले असावीत?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार ३ वर्षांखालील दर १० मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती, आणि ३ ते ६ वर्षे वयाच्या दर २० मुलांमागे एक ताई व सोबत एक मदतनीस असावी. खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही २० मुलांमागे एक शिक्षिका व एक मदतनीस हेच प्रमाण आहे, आणि त्या सूचना ३ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांपुरत्याच आहेत. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना ‘प्लेग्रुप’ या नावाखाली घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: एवढ्या लहान मुलांना पाळणाघराचे प्रमाण लावले पाहिजे, बालवाडीचे नव्हे.

माझे मत विचाराल तर तान्ह्या मुलांसाठी दहास एक हे प्रमाणही सैलच आहे. एका बाईला एका वेळी दोन बाळे उचलता येतात. तिसरे कोण उचलणार, हा प्रश्न आग लागल्यावर सोडवण्याजोगा नाही. शिवाय कागदावरचे प्रमाण सकाळी दहा वाजताचे असते. दुपारी एकच्या सुमारास एक मावशी जेवायला बसलेली, दुसरी कोणाचे तरी शी-शू आवरायला गेलेली आणि ताई फोनवर पालकांशी बोलत असलेली, अशी वेळ रोज येते. तपासायचे असेल तर त्या वेळी खोलीत मुलांकडे डोळे लावून कितीजणी आहेत ते मोजावे. जेवणाच्या सुट्ट्या पाळीपाळीने ठेवाव्यात आणि रजेवर जाणाऱ्या ताईच्या जागी येणारी व्यक्ती आधीच ठरलेली असावी.

जागा कशी असावी? तळमजलाच हवा का?

मंत्रालयाच्या सूचना तळमजल्याला प्राधान्य देतात आणि दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा असावी असे म्हणतात. हे मोजमाप मुलांना मोकळ्या मिळणाऱ्या जागेचे धरावे. कपाटे, स्वयंपाकाचा ओटा आणि कार्यालयाचे टेबल यांनी अडवलेली जागा त्यात मोजण्यात अर्थ नाही. उघडे गटार, खड्डा किंवा कचराकुंडी शेजारी नसावी. मुले केंद्रात असताना नळदुरुस्ती करणारे, वायरमन यांसारख्या बाहेरच्या व्यक्तींना आत घेऊ नये, असेही या सूचना सांगतात. म्हणून दुरुस्तीची कामे सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी काढावीत.

गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत केंद्र चालवत असाल तर नियोजन प्राधिकरणाकडून त्या जागेत असा वापर चालतो का हे लेखी विचारून घ्यावे आणि संस्थेचे ना-हरकत पत्रही घ्यावे. सोसायटीच्या अध्यक्षांनी जिन्यात भेटल्यावर ‘चालेल हो’ म्हटलेले असते. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते आणि गेटवर भांडण सुरू होते.

खिडक्यांना गज हवेत, पण त्यांतील एक तरी जाळी आतून उघडणारी असावी. जिन्याच्या वर आणि खाली मुलांना उघडता न येणारे छोटे फाटक बसवावे. उभी कपाटे भिंतीला पक्की ठोकावीत, कारण उघडा खण दोन वर्षांच्या मुलाला पायरीसारखा वाटतो. रंगकाम काढायचे असल्यास रंगाच्या डब्यावरील शिशाचे प्रमाण वाचावे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. मुले भिंतीचे पोपडे खातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

अग्निसुरक्षेसाठी नेमके काय करावे लागते?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा राज्यातील मुख्य कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो तिथे यंत्रणा बसवून ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. म्हणजे भाड्याने जागा घेतलेली संस्था हात वर करू शकत नाही. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ‘बी फॉर्म’ म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, द्यावे लागते. आपल्या इमारतीचा बी फॉर्म भरला गेला आहे का, हे सोसायटीला विचारण्याचा भाडेकरूला पूर्ण अधिकार आहे आणि तो त्याने वापरावा.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. आग माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून पसरली आणि वर्गांवर झावळ्यांचे छप्पर होते. त्या घटनेनंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातील शाळांना अग्निशामक साधने ठेवणे, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि इमारत संहितेतील सुरक्षा निकष पाळणे बंधनकारक केले. बालवाड्यांनी या घटनेतून घ्यायची पहिली गोष्ट अगदी साधी आहे: मुलांच्या खोलीतून बाहेर जाण्याची वाट स्वयंपाकघराच्या दारावरून जाता कामा नये. दुसरी वाट असेल तर तिला कुलूप नसावे. चोरीच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप आणि किल्ली संचालिकाबाईंच्या पर्समध्ये, हे चित्र फार केंद्रांतून दिसते.

अग्निशामक सिलिंडर भिंतीवर टांगलेला असतोच. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन व सील शाबूत आहे ना, आणि पुन्हा भरण्याची तारीख उलटून गेली नाही ना, हे दर महिन्याला पाहावे. तो चालवायचा कसा, हे निदान दोन मावश्यांनी स्वतः हाताळून शिकलेले असावे. कारण सकाळी सात वाजता केंद्र उघडणारी व्यक्ती बहुधा मावशीच असते.

एवढ्या लहान मुलांची आगीची रंगीत तालीम घेता येते का? ती घाबरत नाहीत का?

घेता येते, आणि खेळ म्हणून सांगितली तर मुले घाबरत नाहीत. हातभर अंतरावर गाठी मारलेला एक जाड दोर ठेवावा. घंटा वाजली की प्रत्येकाने एक गाठ धरायची आणि दोर जाईल तिकडे जायचे. तान्ह्यांसाठी चाके लावलेला एखादा पाळणा दाराजवळ असावा, म्हणजे एकाच फेरीत चार-पाच बाळे बाहेर काढता येतात. मात्र तो पाळणा ज्या दारातून न्यायचा त्या दारातून तो जातो ना, हे मोजून घ्यावे.

आमच्या पहिल्या तालमीची हकिगत सांगण्यासारखी आहे. घंटा झाली, मुलांनी दोर धरला, रांग शिस्तीत दारापर्यंत आली आणि तिथे थांबली. सगळी मुले खाली बसून आपापल्या चपला शोधू लागली. ‘चपला घातल्याशिवाय अंगणात जायचे नाही’ हे आम्हीच वर्षभर घोकून घेतले होते. दोन मिनिटांच्या कामाला सहा मिनिटे लागली. त्यानंतर ‘मोठी घंटा म्हणजे अनवाणी’ असा नियम केला आणि चपलांचे कपाट दारापासून दूर हलवले. दर तालमीनंतर अशी एखादी गोष्ट हाती लागते, म्हणून दर तीन महिन्यांनी तालीम घ्यावी आणि त्यांतली एक मुद्दाम दुपारच्या झोपेच्या वेळी घ्यावी. हजेरीची वही बाहेर नेण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. बाहेर आल्यावर वहीत पाहून नावे घ्यावीत. नुसती डोकी मोजल्यास कोणाच्या तरी बरोबर आलेले शेजारचे मूल गणतीत धरले जाते आणि स्वच्छतागृहात बसलेले मूल आतच राहते.

वीज आणि पाणी यांबाबत सर्वांत जास्त कुठे दुर्लक्ष होते?

बादलीकडे. आपल्याकडे नळाचे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून न्हाणीघरात भरलेली बादली ठेवण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. एक-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत वाकले आणि तोल गेला, तर त्याला स्वतःला मागे खेचता येत नाही, आणि वीतभर पाण्यातही जीव जाऊ शकतो. शिवाय बुडणारे मूल ओरडत नाही. वापरून झाल्यावर बादली पालथी घालावी, साठवण झाकणाच्या पिंपात करावी आणि न्हाणीघराच्या दाराला मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर बाहेरून कडी असावी. आवारात जमिनीखालची टाकी असेल तर तिच्या झाकणाला कुलूप हवे.

विजेच्या बाबतीत अर्थिंग तपासून घ्यावे आणि मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअर क्षमतेचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. नेहमीचा एमसीबी तारांचे रक्षण करतो. मुलाने प्लगच्या भोकात केसांची पिन घातली तर प्राण वाचवण्याचे काम हा दुसरा स्विच करतो. पावसाळ्याआधी वायरमनकडून त्याचे चाचणी-बटण दाबून घ्यावे.

फिनेल, ॲसिड आणि डासांचे द्रव औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र केल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे सफाई करणाऱ्या मावशींना प्रत्येकीला वेगळे बसवून समजावून सांगावे.

कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सक्तीची आहे का?

होय. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील २०२० चे नियम सांगतात की, मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व पूर्वचौकशी ठरावीक कालावधीने करून घ्यावी. यात शिक्षिकांइतकेच सफाई कामगार, पहारेकरी, गाडीचालक आणि आठवड्यातून एकदा येणारे नाचाचे सरही येतात. ठेकेदारामार्फत माणूस आला असेल तर ‘ठेकेदाराने केली असेल’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत आपल्या फाइलमध्ये हवी.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण उघड झाले. त्यानंतर राज्य शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) यांविषयी सूचना काढल्या. पडताळणीचा दाखला मागील गुन्ह्यांची नोंद सांगतो, पुढची हमी देत नाही. म्हणून मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचे काम स्त्री कर्मचाऱ्यांकडेच असावे, एकट्या प्रौढ व्यक्तीने एकट्या मुलासह बंद दाराआड राहू नये, आणि मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दाराचा वरचा भाग उघडा असावा, हे तिन्ही नियम कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

अत्याचाराची शंका आली तर आधी संस्थेत चौकशी करावी का?

नाही. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचे समजलेल्या, किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, प्रत्येक व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या गुन्ह्याची माहिती दिली नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. ‘संस्थेचे नाव खराब होईल’, ‘आधी खात्री करून घेऊ’, ‘पालकांनाच तक्रार नको आहे’ ही कारणे कायद्यापुढे टिकत नाहीत.

मुलाला वारंवार प्रश्न विचारू नयेत. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावे, त्याला धीर द्यावा आणि पालकांना तत्काळ बोलवावे. संशयित व्यक्तीला त्याच क्षणी मुलांपासून दूर करावे. सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाणार नाही याची व्यवस्था करावी. मुलाची ओळख पटेल असे काहीही पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये, कारण ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा बालमदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

‘एखादा धपाटा’ चालतो का? काही पालकच ‘मारा त्याला’ म्हणतात.

चालत नाही, पालकांनी परवानगी दिली तरीही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाची काळजी घेणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरतेने वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात २०१६ मध्ये मावशीने दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचे सीसीटीव्हीत दिसले होते, तेव्हा राज्यभर संताप उसळला. जेवण भरवताना दटावून तोंड दाबणे, अंधाऱ्या खोलीची भीती घालणे, ओल्या चड्डीवरून सर्वांसमोर हसणे, यांना मारणे म्हणत नाहीत. तरी नियमपुस्तिकेत त्यांचीही स्पष्ट मनाई असावी. वैतागलेल्या मावशीला ‘मी जरा बाहेर जाऊन येते’ म्हणण्याची मुभा हवी, आणि ती वापरल्याबद्दल तिला कोणी बोलू नये.

सीसीटीव्हीचे थेट चित्रण पालकांच्या मोबाइलवर द्यावे का?

कॅमेरे असावेत, प्रवेशद्वार, वर्ग, जेवणाची जागा आणि मार्गिका त्यात यावी, स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची जागा कधीही येऊ नये. थेट चित्रणाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. वीस पालकांच्या मोबाइलवर वीस मुले दिसत असतील, तर प्रत्येक जण इतर एकोणीस मुलांना पाहत असतो, आणि तो मोबाइल कोणाच्या हातात आहे हे कोणालाच ठाऊक नसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्यापूर्वीही प्रवेशअर्जातच स्वतंत्र संमती घ्यावी, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाचे मूल समूहचित्रातून वगळण्याऐवजी ते चित्रच प्रसिद्ध करू नये.

मुलाला घरी सोडताना कोणती काळजी घ्यावी?

प्रवेशाच्या वेळीच मुलाला नेण्यास अधिकृत असलेल्या तीन-चार व्यक्तींची नावे, छायाचित्रे आणि दूरध्वनी क्रमांक घ्यावेत. यादीबाहेरचे कोणी आले तर, मग तो सख्खा काका का असेना, आई किंवा वडिलांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय मूल सोपवू नये. संदेश पुरेसा नाही, आवाज ऐकावा. मुलाने ‘काका!’ म्हणून धाव घेतली हा पुरावा मानू नये, या वयात मुले शेजारच्या वाण्यालाही काकाच म्हणतात. पाऊस, रिक्षांची गर्दी आणि घाईत असलेले आजोबा अशा वेळी हा नियम पाळणे अवघड जाते. नेमका त्याच वेळी तो पाळायचा असतो. आईवडिलांमध्ये ताब्याचा वाद असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत मागावी आणि तिच्याबाहेर जाऊन मध्यस्थी करू नये.

डबा घरून येतो. मग अन्नसुरक्षेची नोंदणी कशाला?

केंद्रात काहीही शिजवून दिले जात नसेल तर हा प्रश्न फारसा येत नाही. दूध, खिचडी किंवा खाऊ केंद्रातून दिला जात असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी किंवा परवाना हवा. डबेवाल्या बाईंकडून जेवण घेत असाल तर त्यांची नोंदणी पाहावी.

कागदापेक्षा घशात अडकणाऱ्या पदार्थांकडे लक्ष द्यावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, बोरे, अख्खी द्राक्षे आणि जेली चार वर्षांखालील मुलांच्या डब्यात चालणार नाहीत, असे पालकांना लेखी कळवावे. द्राक्षे उभी चिरून द्यावीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेला हलवा आणि बोरन्हाणातली बोरे-चुरमुरे मुलांच्या हाती लागतात, तेव्हा हा धोका वाढतो. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये; त्यातून होणारा बॉट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाचा आजार जीवघेणा ठरू शकतो. घास अडकल्यास वर्षाखालील बाळाला पालथे धरून पाठीवर पाच थापा व नंतर छातीवर पाच दाब, मोठ्या मुलास पाठीवर थापा व पोटावर दाब, असा क्रम प्रत्येक कर्मचाऱ्याने प्रशिक्षकाकडून बाहुलीवर शिकलेला असावा. दिसत नसताना घशात बोट घालू नये. घास आणखी आत जातो.

आजारी मुलाला किती दिवस घरी ठेवायला सांगावे?

ताप (१००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक), वारंवार जुलाब वा उलट्या असतील तर मूल घरी असावे. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, आणि हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप जाऊन फोड सुकेपर्यंत थांबावे. प्रवेशावेळी लसीकरणाच्या कार्डाची प्रत घ्यावी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ आली होती, आणि तिचा भार लस न घेतलेल्या मुलांवर अधिक पडला.

सकाळी औषध पाजून ताप उतरवून मूल आणून सोडणारे पालक असतात; दुपारी बारा वाजता तो पुन्हा चढतो. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो, कारण बहुतेकांना रजा मिळत नसते. नियम मात्र सर्वांना सारखा ठेवावा आणि प्रवेशाच्या दिवशीच सांगावा. औषध द्यायचे असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, पालकांची त्या दिवसाची सही आणि नाव घातलेली बाटली या तिन्ही गोष्टी हव्यात. एक वर्षाखालील बाळाला नेहमी उताणे झोपवावे, आणि पाळण्यात उशी किंवा जाड पांघरूण ठेवू नये.

खेळणी घेताना काय पाहावे?

आयएसआय चिन्ह. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असलेली खेळणी केंद्रात ठेवूच नयेत. गिळल्यास त्या काही तासांत अन्ननलिका जाळतात. वाढदिवसाला पालकांनी वाटलेल्या भेटवस्तूंनाही हाच नियम लावावा.

आमची कंपनी आहे. आम्हाला पाळणाघर बंधनकारक आहे का?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. यात ५० चा आकडा सर्व कर्मचाऱ्यांचा आहे, केवळ स्त्रियांचा नाही. बाहेरच्या केंद्राशी करार करणाऱ्या कंपनीने या पानावरील प्रश्न त्या केंद्राला विचारावेत; मनुष्यबळ विभागाने केवळ दरपत्रक पाहून करार करू नये.

घरगुती पाळणाघराला हे सारे परवडेल का?

बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. पालथी बादली, दाराची कडी, अधिकृत व्यक्तींची यादी, अपघातांची नोंदवही, जेवणाच्या पाळ्या आणि गाठींचा दोर हे पहिल्या आठवड्यात होते. पोलीस पडताळणीचे अर्ज त्याच महिन्यात द्यावेत. त्यानंतर वायरमन, अग्निशामक सिलिंडर आणि प्रथमोपचार प्रशिक्षण यांसाठी पैसे बाजूला काढावेत. कार्टूनच्या भिंती आणि रंगीत बाके त्यानंतर. अपघातांच्या वहीत खरचटल्याचीही नोंद करावी. आमच्या वहीत एका महिन्यात बोट चेमटल्याच्या चार नोंदी सापडल्या आणि चारही एकाच दाराच्या बिजागरीकडच्या होत्या. दीडशे रुपयांची रबरी पट्टी लावल्यावर त्या थांबल्या.

पालकांना केंद्र पाहायला कधी बोलवावे?

कधीही, वेळ न ठरवता. नवीन पालकांना मी दुपारी साडेबाराला यायला सांगते: तेव्हा निम्म्या मुलांची जेवणे उरकलेली असतात, दोघे रडत असतात, कोणाची तरी चड्डी बदलायची असते आणि दाराशी पहिले आजोबा येऊन उभे असतात.